तोड कुणाची आधी? सत्तेच्या मांडणीवर विकास कसा ठरतो

सप्टेंबरात साखर कारखान्याच्या आवारात मांडव पडतो. वार्षिक सर्वसाधारण सभेचा. लहानपणी वडिलांबरोबर मी अशा सभांना जायचो. सभासदांच्या हातात अहवालाची गुळगुळीत पुस्तिका असायची, पुढच्या रांगांत चेअरमनांची माणसं, कडेला पोलीस. सचिव विषय नंबर एक वाचायला लागायचे आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुढून आरोळी यायची, "मंजूर, मंजूर!" मागून दहा-पंधरा जण "नामंजूर" म्हणत उठायचे. ते माइकपर्यंत पोचायच्या आत त्यांच्याभोवती गर्दी जमायची आणि तोवर विषय नंबर पाच मंजूर झालेला असायचा. कर्जाचा, विस्तारवाढीचा, ताळेबंदाचा निकाल अर्ध्या तासात लागायचा. मग राष्ट्रगीत, मग जेवण.

सहकार कायद्याने या सभेला सर्वोच्च अधिकार दिलाय. सभासद मालक, संचालक त्यांचे विश्वस्त, चेअरमन सगळ्यांना जबाबदार. एक सभासद, एक मत. पाच एकरवाल्यालाही एक आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच. मग हजारो मालक गप्प का बसतात? माझे वडील कुणाला भिणारे नव्हते, बांधावरच्या भांडणात आवाज चढवायचे. पण सभेत तेही गप्प. एकदा घरी येताना विचारलं, तर म्हणाले, "उसाला तोड यायचीय अजून."

त्या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा कळला. देश गरीब का राहतात, एकाच कायद्याचा परिणाम एका जिल्ह्यात एक आणि दुसऱ्या जिल्ह्यात दुसराच का होतो, चांगल्या योजना मध्येच का विरतात, या प्रश्नांची बरीचशी उकल त्यात आहे.

ऊस हे थांबणारं पीक नाही. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेली लागण सोळा ते अठरा महिने शेतात उभी असते. एकदा पक्व झाली की ती तोडावीच लागते, नाहीतर तुरे येतात, ऊस पोकळ पडतो, वजन घटतं. तोडल्यावर तर घाई आणखी वाढते. दिवसभरात कारखान्याच्या गव्हाणीत पडला नाही तर त्यातली साखर कमी व्हायला लागते. म्हणून ऊस लांबच्या कारखान्याला नेणं परवडत नाही. जवळचा कारखाना हाच गिऱ्हाईक. त्या कारखान्याची तोडणी मजुरांची टोळी कुणाच्या फडात आधी शिरणार, हे तोडणीच्या कार्यक्रमावर ठरतं. कार्यक्रम शेतकी ऑफिसात बनतो आणि शेतकी ऑफिस चेअरमनांच्या हाताखाली असतं.

आमच्या एका काकांनी एका वर्षी संचालक मंडळाच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलकडून अर्ज भरला. पडले. त्यांना कुणी धमकी दिली नाही, वाईट शब्दसुद्धा बोललं नाही. चिटबॉय, म्हणजे शेतकी ऑफिसचा गावातला माणूस, रोज सांगायचा, "उद्या टोळी येतीय, आण्णा." शेजारच्या फडातला ऊस जानेवारीत गेला. काकांचा एप्रिलमध्ये गेला, वाळून खडखडीत झालेला. काट्यावर वजनाची पावती बघून काकू रडल्या होत्या. पुढच्या सभेत काका पुढच्या रांगेत बसले.

कायद्याने दिलेलं मत काकांकडे होतंच. पण ते वापरण्याची किंमत कायद्यात लिहिलेली नव्हती, ती फडात ठरली.

विकसनशील देशांचा अभ्यास करणाऱ्यांनी या गोष्टीचा बराच विचार केलाय. लंडनमध्ये शिकवणारे बांगलादेशी अर्थतज्ज्ञ मुश्ताक खान यांचं नाव त्यात अग्रभागी येतं. त्यांची मांडणी मी माझ्या शब्दांत सांगतो. कुठल्याही समाजात काही गट ताकदवान असतात. ताकद पैशाची असते, माणसं जमवण्याची असते, जातीच्या जाळ्याची असते, कामकाज बंद पाडण्याची असते. या गटांमध्ये एक अलिखित समझोता असतो. कुणी किती घ्यायचं, कुणाला काय द्यायचं, कुणाच्या कशाला हात लावायचा नाही. या समझोत्याला आपण सत्तेची मांडणी म्हणू. कायदे, संस्था, योजना याच मांडणीवर उभ्या राहतात. एखादा नियम ताकदवान गटाच्या फायद्याचा असेल तर तो बिनबोभाट पाळला जातो. त्याच्या मुळावर येणारा असेल तर तो गट अडवतो, वाकवतो किंवा नुसता कागदावर ठेवतो.

श्रीमंत देशांतही हे चालतं. तिथे फरक एवढाच की बहुतेक ताकदवानांची कमाई कर भरणाऱ्या, कायदेशीर धंद्यांतून होते, त्यामुळे कायदा टिकण्यातच त्यांचं हित असतं. आपल्यासारख्या देशांत ताकदीची मुळं कायद्याबाहेर पसरलेली असतात. ओळख, उपकार, कर्ज, भीती, नातं. त्यामुळे बाहेरून आणलेला सुंदर नियम इथे आला की त्याचं काय होईल हे नियम वाचून कळत नाही. तो कुणाच्या अंगणात उतरतोय हे बघावं लागतं.

आपल्याकडे यासाठी साखरेइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. म्हणून ते जरा मुळापासून बघू.

पाणी होतं, ऊस होता, मालक दुसराच होता

इंग्रजांनी दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात नीरा, प्रवरा, गोदावरीवर कालवे काढले. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, आणि ऊस आला तसे खासगी कारखाने आले. नगर जिल्ह्यात कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि स्वतःच ऊस पिकवायला सुरुवात केली. जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारचं, साखर कंपनीची. बाकीचे शेतकरी गुळाच्या बाजारात व्यापारी देईल तो भाव घेत होते.

या पार्श्वभूमीवर लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग भांडवल गोळा केलं. सोबत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता होते. १९५० मध्ये प्रवरेच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केलं. गाडगीळ सुरुवातीची वर्षं त्याचे चेअरमन होते. पुण्यातला प्राध्यापक चेअरमन आणि फारसं न शिकलेला शेतकरी उपाध्यक्ष, ही जोडी आठवली की मला आजही बरं वाटतं.

पण निव्वळ जिद्दीवर शंभर कारखाने उभे राहत नाहीत. त्यासाठी राज्याची तिजोरी लागते, आणि तिजोरी उघडायला सत्ता लागते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबईचा पैसा गुजराती, पारशी, मारवाडी उद्योजकांच्या हातात होता आणि मतं ग्रामीण भागात होती. यशवंतराव चव्हाणांच्या काळात जो समझोता घडला त्याचं सार असं. मुंबईच्या उद्योगाला धक्का लावायचा नाही, त्यातून येणाऱ्या करावर राज्य चालवायचं, आणि ग्रामीण भागातल्या नव्या नेतृत्वाला सहकार आणि जिल्हा परिषदा द्यायच्या. १९६० ला सहकारी संस्थांचा कायदा, १९६१ ला जिल्हा परिषद कायदा, त्याच वर्षी शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा. या मर्यादेच्या कायद्याने खासगी साखर कंपन्यांच्या हजारो एकर जमिनी काढून घेतल्या आणि त्या शेती महामंडळाकडे गेल्या. ज्यांच्या त्या मूळ जमिनी होत्या त्या खंडकरी शेतकऱ्यांना मात्र त्या परत मिळवायला काही दशकं झगडावं लागलं. कंपनीकडून जमीन काढण्याची ताकद या मांडणीत होती, खंडकऱ्यांना ती लगेच देण्याची गरज तिला वाटली नाही.

सहकारी कारखान्याचं अर्थकारण असं चालायचं. शेतकऱ्यांचं थोडं भांडवल, त्याच्यापेक्षा मोठं सरकारचं, आणि बाकी कर्ज. कर्जाला राज्य सरकारची थकहमी, म्हणजे कारखाना बुडाला तर सरकार भरणार. हंगामात साखरेच्या पोत्यांवर राज्य सहकारी बँक माल तारण कर्ज देणार, त्यातून उसाचा पहिला हप्ता. उसाच्या बिलातून सोसायटीचं पीककर्ज परस्पर कापलं जाणार, म्हणून जिल्हा बँक खुशीने कर्ज देणार. या साखळीची प्रत्येक कडी राजकीय होती. ज्याच्याकडे मंत्रालयात वजन, त्याच्या कारखान्याला परवाना आणि हमी. आणि कारखाना हातात असला की तालुक्यात वजन, म्हणून आमदारकी, म्हणून मंत्रालयात वजन.

हे सगळं ऐकून वाटेल की यातून लूटच झाली असणार. पण सुरुवातीची दोन-तीन दशकं बघा. सांगलीला वसंतदादा, वारणेला तात्यासाहेब कोरे. माळावर कारखाना आला की रस्ता आला, वीज आली, शाळा आली, पुढे दवाखाना आणि कॉलेज आलं. उचल पाणी योजना झाल्या, नवे वाण आले. कोल्हापूरचा साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, देशात नावाजला गेला. दूधसंघ, कुक्कुटपालन, सूतगिरण्या निघाल्या. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि शेतकऱ्यांची पोरं घराजवळ इंजिनिअर व्हायला लागली. मीही त्यांतलाच एक, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

हे का घडलं? चेअरमन सगळे संत होते म्हणून नव्हे. त्या काळी उसाखालचा शेतकरी हाच सभासद होता, तोच मतदार होता आणि गावातला वजनदार माणूसही तोच होता. शेजारच्या कारखान्याने टनाला जास्त दर दिला तर पारावर चर्चा व्हायची आणि पुढच्या पंचवार्षिकला पॅनेल पडायचं. काकांसारख्या एकट्याला वाळवणं सोपं होतं, हजारोंना एकदम वाळवणं शक्य नव्हतं. चेअरमनने खाल्लं तरी कारखाना चालवून खावं लागायचं. एवढा धाक त्या मांडणीत शिल्लक होता.

दक्षिण कोरियाची गोष्ट वेगळ्या रंगाची आहे, पण दोरा तोच. तिथे १९५० च्या जमीनसुधारणेने जमीनदारांची ताकद मोडली होती. १९६१ नंतर पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीने मोठ्या उद्योगघराण्यांना स्वस्त कर्ज दिलं, पण निर्यातीचं लक्ष्य बांधून. दर महिन्याच्या निर्यात बैठकीला राष्ट्राध्यक्ष स्वतः बसायचे. लक्ष्य चुकलं तर पुढचं कर्ज अवघड. मेहेरबानी होती, पण काढून घेता येईल अशी होती. कितीतरी देशांनी उद्योगांना तशीच अनुदानं दिली आणि हात पोळून घेतले, कारण दिलेलं परत घेण्याची ताकद सरकारात नव्हती. आपल्या साखरेतही थकहमी देणारा आणि घेणारा पुढे एकच झाला. स्वतःला नापास कोण करणार?

समझोत्यात नसलेली माणसं

कुठलाही समझोता समजून घ्यायचा तर त्यात कोण नव्हतं ते आधी शोधावं, असं मला वाटतं. साखरेच्या समझोत्यात तीन गोष्टी बाहेर राहिल्या.

एक पाणी. राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा थोड्या टक्क्यांचा, सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून जास्त. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतही उसाचे पट्टे पसरले. ज्वारीवाल्याचा, तूरवाल्याचा कारखाना नसतो, त्याला थकहमी नसते, म्हणून पाण्याच्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलणारा नसतो.

दुसरं, प्रदेश. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा कबूल झाला होता, राज्यघटनेच्या कलम ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूदही आली. मंडळं स्थापन व्हायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात वि. म. दांडेकरांच्या समितीने अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची तूट, मोजला, तो तीन हजार कोटींच्या वर निघाला. त्या काळच्या तीन हजार कोटींच्या. करार लेखी होता, सत्तेची मांडणी पश्चिमेकडे झुकलेली होती, आणि लेखी करार मागे पडला.

तिसरी गोष्ट माणसांची आहे, आणि मला ती सगळ्यात टोचते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, आष्टी, जत अशा भागांतून लाखो माणसं उसाच्या पट्ट्यात येतात. टोळी जमवणारा मुकादम उन्हाळ्यातच उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. त्या पैशात मुलीचं लग्न होतं किंवा जुनं देणं फिटतं, आणि मग पाच-सहा महिने ती उचल फेडायची. हिशेबाचं माप माणूस नसतो, कोयता असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तोडलेल्या टनावर पैसे, आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचा दंड.

आमच्या शेतात आलेल्या एका टोळीतली बाई पहाटे तीनला मोळ्या वाहायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर मोळी, आणि अंधारात फळीवरून चढत ट्रकच्या हौद्यापर्यंत. तिचं लहान लेकरू बांधावर पाचटाच्या ढिगात झोपलेलं असायचं, अंगावर साडीचा तुकडा. माझी आई तिला ताक द्यायची. आईला ती "काकी" म्हणायची. त्या पलीकडे तिचं आणि कारखान्याचं कागदोपत्री कुठलंच नातं नव्हतं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी. ती कारखान्याची कामगार नव्हती, सभासद तर नव्हतीच, आणि मतदान बऱ्याचदा ती गावी नसताना व्हायचं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात आला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळी आली, पोट दुखलं, की खाडा पडतो. खाडा परवडत नाही. ज्या उद्योगाने गावाला इंजिनिअरिंग कॉलेज दिलं, त्याच उद्योगाच्या फडात हे घडत होतं. दोन्ही एकाच मांडणीतून आलंय. सभासदाकडे चेअरमनला पाडण्याची ताकद होती, म्हणून त्याच्या पोराला कॉलेज मिळालं. तिच्याकडे कुणालाच पाडण्याची ताकद नव्हती.

उत्तर प्रदेशात हीच साखर वेगळ्या मांडणीत आहे. तिथे बहुतेक कारखाने खासगी, शेतकरी आणि मालक सरळ समोरासमोर. म्हणून तिथलं सरकार स्वतः उसाचा दर जाहीर करतं आणि शेतकऱ्याची मतं मिळवतं, बोजा कारखानदारावर. मग थकबाकी साठते आणि आंदोलनं कारखान्याच्या दारात होतात. आपल्याकडे दर मागणारा शेतकरी ज्याच्या दारात जायचा तोच कारखानदार, तोच आमदार, कधी तोच मंत्री. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलंय की ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हा नियम १९६६ च्या आदेशातला. कितीतरी वर्षं शेतकऱ्याने व्याज मागितलं नाही, कारण पुढच्या वर्षी तोड हवी होती. शेतकरी संघटनेने आणि नंतर राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने ऊस परिषदा घेऊन, वाहतूक अडवून हा विषय रस्त्यावर आणला तेव्हा त्या नियमात जीव आला. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नियम पहिल्यापासून तोच होता, त्याच्या मागे उभं राहणारं बळ मध्ये तयार झालं.

आता ही मांडणीही विस्कटत चाललीय. १९९८ मध्ये साखर कारखान्याला परवान्याची अट उठली, खासगी कारखाने वाढले. कर्जात बुडालेले कित्येक सहकारी कारखाने लिलावात निघाले, आणि विकत घेणाऱ्या कंपन्यांमागे बऱ्याचदा राजकीय घराणीच होती. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त केलं. आज राज्यात हंगाम घेणाऱ्या दोनशेच्या आसपास कारखान्यांपैकी निम्मे खासगी आहेत. तिथे शेतकऱ्यांची सर्वसाधारण सभा नाही, पॅनेल नाही, 'नामंजूर' म्हणायलाही जागा नाही. नेता तोच, पण सभासदाचा उरलासुरला धाकही गेला. मी सहकाराच्या बाजूचा आहे, लपवत नाही. सडका सहकारसुद्धा मला दुरुस्त होण्यासारखा वाटतो, कारण त्यात निदान मत असतं.

दुष्काळाने उघडलेलं दार

समझोत्याबाहेरच्या माणसाला आत कधी घेतलंच जात नाही का? घेतलं जातं, आणि त्याचं जगात नाव झालेलं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे.

तासगाव तालुक्यातलं विसापूर हे वि. स. पागे यांचं गाव. पागे विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास त्यांनी कल्पना मांडली की ज्याला काम हवंय त्याला सरकारने काम द्यावं, आणि तासगाव तालुक्यात ती करून बघितली. काही वर्षं ती छोटीच राहिली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. माझी आजी त्याला नुसतं "बहात्तर" म्हणायची. बाया-बापे खडी फोडायला जात, सुकडी वाटली जाई, रेशनला परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळे. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. त्याच काळात शहाद्याला आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, लाल निशाणसारखे पक्ष मजुरांना घेऊन रस्त्यावर आले.

त्यातून रोजगार हमी आली. १९७७ मध्ये कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भारतात पहिल्यांदा काम हा कायद्याने मागता येणारा हक्क झाला. पुढे २००५ चा केंद्राचा कायदा झाला तेव्हा त्याच्या पाठीशी हा अनुभव होता.

प्रश्न असा की बागायतदारांच्या ताब्यातल्या विधिमंडळाने मजुरांना हा हक्क एकमताने का दिला? मजुराला दुसरीकडे हमखास काम मिळालं तर बागायतदाराला मजुरी वाढवावी लागणार, मग त्याने विरोध का केला नाही? इथे सत्तेची मांडणी वाचता आली पाहिजे. पैसा ग्रामीण श्रीमंताच्या खिशातून येणार नव्हता. १९७५ च्या कायद्याने पगारदारांवर, धंदेवाल्यांवर व्यवसाय कर लागला. त्याचा मोठा हिस्सा मुंबईतून येणार होता, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकार घालणार होतं. मुंबईकरांना तो मान्य झाला, कारण दुष्काळात गावं शहरात लोटतात हे त्यांनी पाहिलं होतं. रोजगार हमीतून पाझर तलाव, बंधारे, रस्ते, पुढे विहिरी आणि फळबागा झाल्या, आणि पाझर तलावाखालची विहीर बहुतेकदा जमीनवाल्याचीच असते. कामाची मजुरी कमी ठेवलेली होती, हंगामात मजूर शेतावरच राहणार होता. आणि आमदाराला दुष्काळात लोकांना तोंड दाखवायला काहीतरी हवं होतं. सगळ्यांच्या हिताची गाठ पडली आणि तळातल्या माणसाच्या हातात एक कायदा आला.

ही गाठ किती नाजूक होती ते १९८८ मध्ये दिसलं. किमान वेतनाच्या न्यायासाठी रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मजुराला ती मिळायलाच हवी होती, त्यात शंका नाही. पण त्यानंतर कामं कमी निघायला लागली. कायद्यातला शब्द बदलला नव्हता, मागेल त्याला काम तसंच होतं. तहसीलमधून उत्तर यायचं, "सध्या कामं नाहीत."

बांगलादेशच्या शिलाई उद्योगात साखरेचीच कहाणी कापडावर उमटलेली दिसते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ढाक्याच्या देश गारमेंट्सने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० च्या आसपास माणसं बुसानला शिकायला पाठवली. त्यांतले कित्येक परत येऊन स्वतःचे कारखाने काढून बसले. आज त्या देशाच्या निर्यातीतले ८० टक्क्यांहून अधिक पैसे तयार कपड्यांचे आहेत. पक्ष एकमेकांच्या जिवावर उठलेले, भ्रष्टाचार बोकाळलेला, तरी हा धंदा वाढला. कारण कच्चा माल करमुक्त आणण्याची आणि निर्यातीच्या पतपत्रावर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर, उधारी मिळण्याची सोय कुठल्याच पक्षाने मोडली नाही. कारखानदार सगळ्या पक्षांत होते आणि डॉलर सगळ्यांनाच हवे होते. त्या समझोत्यात शिवणारी बाई नव्हती. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडल्या होत्या. त्या भेगा बघूनही कामगारांना आत जायला लावलं गेलं. त्यानंतर इमारतींची तपासणी खरोखर सुरू झाली, ती परदेशी ब्रँड घाबरले आणि त्यांनी कामगार संघटनांबरोबर बंधनकारक करार केला तेव्हा. ढाक्यात नसलेलं बळ बाहेरून आलं.

आपल्या ऊसतोड मजुरांकडे असा परदेशी ब्रँड नाही. त्यांचं बळ दोन बाजूंनी आलं. एक, बीडच्या राजकारणात गोपीनाथ मुंडेंनी त्यांना मतदार म्हणून एकत्र बांधलं. दुसरं, अलीकडे तोडायला माणसं मिळेनाशी झाली. पोरं पुण्या-मुंबईला कामाला जायला लागली, मुकादम उचल घेऊन पळाल्याच्या तक्रारी वाढल्या, कारखान्यांचं गाळप माणसांअभावी लांबायला लागलं. हार्वेस्टर आले, पण लहान आणि चढउताराच्या शेतांत ते नीट फिरत नाहीत. आता गोपीनाथ मुंडेंच्या नावाने महामंडळ आहे, कारखान्यांनी त्याला टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक झाली. कारखान्यांकडून शरद पवार, मजुरांकडून पंकजा मुंडे. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली.

३४ टक्के थोडे नाहीत, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ती वाढ टनावर आहे. खाड्याचा दंड तसाच, कोयत्याचं माप तसंच, कागदावर नवऱ्याचंच नाव. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत. बायकांच्या संघटना गेली काही वर्षं मागतायत की नोंदणी जोडप्याची नको, प्रत्येकीची वेगळी करा, ओळखपत्र तिच्या नावाचं द्या, आणि मजुरी तिच्या खात्यात भरा. या मागणीला पैसा फारसा लागत नाही. लागतं ते एवढंच की त्या बैठकीच्या टेबलाशी मोळी वाहणारी बाई स्वतः बसलेली असावी.

यंदा आमच्या फडात टोळी डिसेंबरात आली. वडील आता नाहीत, ऊस भाऊ बघतो. तिसऱ्या दिवशी एक बाई दुपारी बांधावर बसून मोबाइलवर हिशेब करत होती. किती टन झाले, किती उचल फिटली. तिने भावाला विचारलं, "दादा, काट्याची पावती मला दावता का?" भावाने खिशातून काढून दिली. तिने फोटो काढून घेतला आणि पावती परत दिली.